दिलीतलं मतदान, जून २००७

बालीवरून पूर्व तिमोरच्या राजधानीत, दिलीला उतरलो आणि विमानतळाच्या बाहेर पडल्या पडल्या तंबूच दिसायला लागले. ताडपत्र्या, मधे दोरीवर वाळत घातलेले कपडे, आजूबाजूला खेळणारी पोरं. २००६ मधे बडतर्फ सैनिकांच्या प्रकरणावरून जो हिंसाचार पेटला त्यात लाखाच्या वर लोक घरदार सोडून पळाले, वर्ष उलटलं तरी हजारो जण अजून तंबूतच, आणि मतदान याच लोकांना करायचं होतं.

पूर्व तिमोर २० मे २००२ ला स्वतंत्र झाला, पण तेव्हा २००१ ला निवडलेल्या घटना समितीचीच संसद झाली, त्यामुळे स्वतंत्र देशाची संसदेची पहिली निवडणूक म्हणजे ३० जून २००७ ची. ६५ जागा, अख्खा देश एकच मतदारसंघ, मत पक्षाच्या यादीला.

मित्र तिथे यूएनमधे कामाला, त्याच्यासोबत सकाळी लवकर एका शाळेपाशी गेलो तर रांग आधीच रस्त्यापर्यंत आलेली. खांद्यावर ताईसचं हातमागाचं कापड घेतलेल्या म्हाताऱ्या, कडेवर लेकरं घेतलेल्या बायका, आणि गडबड अजिबात नाही. बाहेर येणारा प्रत्येकजण शाईत बुडवलेलं बोट जरा लांब धरून चालत होता, कपड्यांना लागू नये म्हणून. मित्राच्या ड्रायव्हरने सांगितलं की १९९९ च्या सार्वमतातही तो असाच रांगेत होता, तेव्हा ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियापासून वेगळं व्हायला मत दिलं आणि त्यानंतर जी जाळपोळ झाली त्यात त्याचंही घर गेलं. तरी हा माणूस आज परत रांगेत!

म्हणून मला तिथला एक नियम फार मोलाचा वाटला, मतं केंद्रावर न मोजता पेट्या जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन मोजायच्या. कुठल्या गावाने कुणाला मत दिलं हे कळलं की त्याच गावावर सूड निघतो, हे या लोकांनी भोगलेलं आहे.

निकालात तोवर सत्तेत असलेल्या फ्रेटिलिन पक्षाला २१ आणि स्वातंत्र्यलढ्याचे नेते व माजी राष्ट्राध्यक्ष झनाना गुजमाओंच्या पक्षाला १८, बहुमत कुणालाच नाही. राष्ट्राध्यक्ष रामोस-होर्ता यांनी शेवटी गुजमाओंच्या आघाडीला सरकार बनवायला बोलावलं, तिच्याकडे ३७ जागा होत्या, पण फ्रेटिलिनचं म्हणणं आम्हीच सगळ्यात मोठा पक्ष, आणि देशाच्या पूर्वेकडच्या बाउकाउ, विकेके भागात पुन्हा घरं जळली, ते वाचताना मला ती रांग आठवून खूप वाईट वाटलं. फ्रेटिलिनने आधी संसदेवर बहिष्कार टाकला, पण नंतर त्यांचे खासदार येऊन विरोधी बाकांवर बसले. ही बातमी मी मित्राला फोन करून दोनदा विचारून खात्री करून घेतली.