घेर किती लिहू?

रस्ता रुंदीकरणात जाणाऱ्या झाडांची मोजणी हे माझं पोटापाण्याचं काम. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा, घेर रजिस्टरात लिहायचा, खोडावर गेरूने नंबर टाकायचा आणि पुढे सरकायचं. निंब, बाभूळ, शिरीष असले की हात भराभर चालतो. शिरपूर तालुक्यातल्या त्या वडापाशी मात्र अख्खा दिवस गेला.

मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. सावलीत शिरल्यावर आधी जिवाला बरं वाटलं, मग गोंधळ सुरू झाला. मूळ खोड कोणतं? पारंब्या जमिनीत उतरून खांब झालेल्या, काहींना कवेत घ्यायला दोन माणसं लागावीत. मधोमध, जिथं सगळ्यात जुनं खोड असावं असं वाटत होतं, तिथं पोकळी. आत बकऱ्या बसलेल्या. त्यांना राखणाऱ्या बाबांनी विचारलं, "काय मोजी ऱ्हायनात भाऊ?" मी म्हटलं, घेर. बाबा हसले. "कोना?"

प्रश्न बिनतोड होता. वडाचं बी पुष्कळदा पक्ष्याच्या विष्ठेतून दुसऱ्याच झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथंच रुजतं आणि मुळं खाली सोडत त्या झाडाला वेढून टाकतं. आतलं झाड मरून कुजलं की पोकळी उरते. पुढे पारंब्या जमिनीला लागल्या की आडव्या फांद्यांना टेकूही त्यांचा आणि पाणीही त्यांचंच. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड बुरशीने कुजलं म्हणून 1925 साली काढून टाकलं. झाड तीन हजारांवर पारंब्यांच्या जोरावर आजही उभं आहे, पसरतंही आहे. मग घेर कोणाचा घेणार?

वयाचा रकाना त्याहून अवघड. शहरात कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीपासून 50 वर्षांपुढचं झाड 'हेरिटेज ट्री' ठरतं आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. आमचा रस्ता गावाबाहेरचा. शिवाय वय काढणार कशावरून? आपल्या हवामानात वडाला मोजण्यासारखी स्पष्ट वर्तुळं पडत नाहीत, आणि इथं तर गाभाच गायब.

एका खोडावर मात्र पत्र्याचा तुकडा सापडला. कुठल्याशा जुन्या मोजणीचा बिल्ला. खिळा ठोकला होता तितक्याच उंचीवर राहिलेला, कारण झाड उंच होतं ते शेंड्याकडून, खोड नुसतं जाड होतं. सालीने दोन्ही बाजूंनी ओठ मिटावेत तसा तो गिळत आणला होता. आकड्यातला फक्त शेवटचा 4 वाचता आला.

वरिष्ठांना फोन केला. म्हणाले, जमिनीतून आलेलं प्रत्येक खोड वेगळं झाड धरा. कागदावर सोयीचं. रस्त्याच्या हद्दीत येणारी पाच खोडं जातील, बाकी वड 'वाचला' म्हणून अहवालात लिहिता येईल. पण सगळ्यात लांब फांदी त्याच पाच खांबांवर तोललेली. ते काढले की पावसाळ्यातल्या पहिल्या वादळात ती खाली, आणि तिच्याबरोबर अर्धा माथा. मला हे पटलं नाही. मी नोंद केली: वड, नग 1. फांद्यांच्या टोकाखालून चुन्याची फक्की मारली आणि सगळ्या खोडांचा नकाशा काढून जोडला.

'जळाऊ लाकूड, घनमीटर' या रकान्यात आडवी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. रेघ चालत नाही, आकडा टाका. अजून टाकलेला नाही.