दर महिन्याच्या सात तारखेला दोनशे रुपये

आमची संस्था म्हणजे काही मोठं प्रकरण नाहीये. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका चाळीत भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या, संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसणारी पोरं, दोन शिक्षिका, एक झेरॉक्स मशीन आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झालेला एक ट्रस्ट, बस. मी तिथली हिशोब बघणारी. गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांनी विचारलं की तुम्ही ते मासिक देणगीचं कसं बसवलंत, आम्हालाही करायचंय, आमच्याकडे पण दिवाळीत पैसे येतात आणि जूनमध्ये ठणठणाट असतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला या सगळ्या तांत्रिक भानगडींपेक्षा महत्त्वाची वाटते. दर महिन्याची देणगी दर महिन्याच्या खर्चासाठीच मागायची. म्हणजे भाडं, मानधन, लाईट बिल. लोकांना वाटतं की असले रटाळ खर्च सांगितले तर कोण पैसे देणार, म्हणून मग पोराचा रडका फोटो लावतात आणि खाली "एका मुलाचं शिक्षण दत्तक घ्या". मला ते अजिबात पटत नाही. एक तर त्या पोराचा फोटो तुमच्या पोस्टरवर का असावा, त्याच्या आईला विचारलं होतं का? आणि दुसरं म्हणजे दत्तक म्हटलं की देणाऱ्याला वाटायला लागतं ते पोरगं आपलं, मग मार्क विचारणार, वाढदिवसाला बोलावणार, आणि पोराने शाळा बदलली की "मग माझ्या पैशांचं काय झालं?" त्यापेक्षा सरळ सांगा की बाबा सोसायटीचा मेंटेनन्स जसा दर महिन्याला भरता तसंच हे आहे, लिफ्ट चालू राहते तशी अभ्यासिका चालू राहते. ठाण्यात मेंटेनन्स कळत नाही असा माणूस सापडणार नाही.

गणितही मग सोपं होतं. समजा भाडं, मानधन आणि बिलं मिळून महिन्याला चाळीस हजार लागतात, तर दोनशे रुपये देणारी दोनशे माणसं हवीत. झालं. आता यातली काही दर महिन्याला गळणार हे धरूनच चालायचं, म्हणून दोनशे माणसं हवी असतील तर अडीचशेच्या मागे लागायचं. आणि एकच माणूस महिन्याला वीस हजार द्यायला तयार असेल तर आनंदाने घ्या, पण पगार त्याच्या भरवशावर ठेवू नका, त्याची नोकरी गेली की तुमच्या शिक्षिकेची पण गेली.

ही कल्पना काही ॲपवाल्यांनी शोधून काढलेली नाही बरं का. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला, टिळकांनी तो उचलून धरला, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतमध्ये मुष्टिफंड होता, म्हणजे घरातली बाई रोज दळण-स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायची आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवायची. त्यामुळे "आपल्याकडे लोकांना नियमित द्यायची सवयच नाही" असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही.

आमचे खजिनदार काका मात्र सुरुवातीला तयारच नव्हते. "अगं, दिवाळीला एक पत्र पाठवलं की चेक येतात, हे दर महिन्याला हात पसरायचं बरं दिसतं का?" मी म्हटलं काका, दर महिन्याला कुठे मागतोय, एकदाच विचारायचं, पुढचं बँक बघते. ते ऐकून ते म्हणाले मग बँकेने नाही बघितलं तर? आणि खरं सांगते, पुढचं सगळं काम या एका प्रश्नातच आहे.

तर पैसे कापायचे तीन मुख्य रस्ते. नाच (NACH) मँडेट, कार्ड आणि यूपीआय ऑटोपे. मँडेट म्हणजे दर महिन्याला खात्यातून पैसे कापायला देणाऱ्याने एकदाच दिलेली परवानगी. नाच म्हणजे ईएमआय आणि एसआयपीला वापरतात तेच. मोठ्या रकमेला चांगलं आहे, पण खात्यात शिल्लक नसेल तर बऱ्याच बँका खातेदाराला दंड लावतात, वर त्यावर जीएसटी, म्हणजे दोनशे रुपये दान करणाऱ्याला देणगीपेक्षा जास्त भुर्दंड बसू शकतो. मला हे फारच वाईट वाटतं, म्हणून छोट्या रकमांना आम्ही नाच ठेवलंच नाही. कार्डाचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम कडक लागू झाले आणि तेव्हा देशभरात कितीतरी संस्थांच्या कार्डावरच्या मासिक देणग्या धडाधड बंद पडल्या, कारण जुनी मँडेट नव्या नियमात बसत नव्हती, सगळ्यांना परत नोंदवायला सांगावं लागलं. शिवाय कार्डाची मुदत संपते, कार्ड हरवतं, नवीन येतं. राहिलं यूपीआय ऑटोपे, जे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२० च्या जुलैमध्ये आणलं. एकदा पिन टाकून परवानगी दिली की पुढे पंधरा हजारांपर्यंत पिन न टाकता कापलं जातं, आणि दोनशे-पाचशेच्या देणगीला याहून सोपं काही नाही. आमच्याकडे बहुतेक सगळे याच्यावरच आहेत.

आता इथे एक बारीक मेख आहे जी कुणी सांगत नाही. पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी देणाऱ्याला सूचना जाते, उद्या तुमच्या खात्यातून अमुक इतके कापले जाणार म्हणून. हा नियमच आहे आणि चांगला आहे. पण त्या मेसेजमध्ये नाव कुठलं येतं? लोक तुम्हाला ओळखतात "अभ्यासिका" म्हणून, आणि मेसेजमध्ये येतं ट्रस्टचं नोंदणीचं लांबलचक नाव, तेही अर्धवट कापलेलं, किंवा त्याहून भारी म्हणजे गेटवे कंपनीचं, म्हणजे मधे पैसे गोळा करून आपल्याला देणाऱ्या कंपनीचं, नाव. माणूस घाबरतो, आधीच फ्रॉडच्या बातम्या इतक्या, तो सरळ ॲप उघडून मँडेट रद्द करून टाकतो आणि तुम्हाला वाटतं त्याला आता द्यायचं नाहीये. त्यामुळे गेटवे घेताना फी किती हे विचाराच, पण पहिला प्रश्न हा विचारा की देणाऱ्याच्या मोबाईलवर नेमकं काय नाव दिसेल, आणि स्वतःच्या फोनवरून एक रुपयाचं मँडेट करून बघा. आणि नोंदणी झाल्या झाल्या आपणच एक साधा व्हॉट्सॲप करायचा, सात तारखेच्या आदल्या दिवशी तुम्हाला या नावाने मेसेज येईल, तो आमचाच आहे, घाबरू नका.

तारीख सात का, तर बहुतेकांचे पगार एक ते पाचमध्ये होतात, ईएमआय-एसआयपी पाचच्या आसपास जातात, सातला खात्यात थोडं शिल्लक असतं. महिनाअखेरची तारीख ठेवणाऱ्यांची मला खरंच कीव येते. पेन्शनवाल्यांना हवी असेल तर दोन तारीख देतो.

आणि ऑटोपे जमत नाही अशांना जबरदस्ती नको. नौपाड्यातले एक आजोबा वर्षाचे बारा चेक एकदम लिहून देतात, सगळ्यांवर तारखा टाकून, सुवाच्य अक्षरात. त्यांचा एकही चेक कधी परत आलेला नाही, आमच्या सगळ्या डिजिटल मंडळींपेक्षा पक्के.

लोक कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न. पाडव्याच्या शोभायात्रेच्या दिवशी राम मारुती रोडला क्यूआर घेऊन उभं राहिलं की लोक शंभर रुपये टाकतात, छान वाटतं, पण तिथे गर्दीत, ढोलताशात, नेटवर्क नसताना कुणाला मँडेट करायला लावणं म्हणजे वेडेपणा आहे. तिथे फक्त नंबर घ्या. नंतर फोन करा, एखाद्या संध्याकाळी अभ्यासिका बघायला बोलवा, आणि चहा झाल्यावर विचारा. तळावपाळीवर स्टॉल लावून "जॉईन करा" असं ओरडून आलेला देणगीदार तीन महिन्यात जातो, आणि खोलीत येऊन पंखा किती आवाज करतो ते ऐकून गेलेला टिकतो. शाळेतले जुने मित्र, सोसायटीचा ग्रुप, ऑफिसातली माणसं इथूनच सुरुवात करायची, पण सोसायटीच्या ग्रुपवर एकदाच टाकायचं, नाहीतर सेक्रेटरी चिडतात.

टॅक्सबद्दल. "८०जी आहे" म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळते, हे आपण पोस्टरवर सगळ्यात वर छापतो, पण जरा हिशोब करून बघा. महिन्याला दोनशे म्हणजे वर्षाचे चोवीसशे, ५० टक्के वजावट म्हणजे बाराशे, वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून वाचले अडीचशे रुपये. आणि ते सुद्धा जुन्या रेजिममध्ये (कर मोजायच्या जुन्या पद्धतीत) असाल तर, नव्या रेजिममध्ये ही वजावट मिळतच नाही आणि २०२३-२४ पासून नवी रेजिमच डिफॉल्ट आहे. घोडबंदरच्या टॉवरमधली किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कातली तरुण मंडळी बरीचशी नव्यातच आहेत. त्यांना टॅक्सचं आमिष काय दाखवणार. सांगा जरूर, पण खाली बारीक अक्षरात.

तरी पॅन नंबर मात्र पहिल्याच दिवशी घ्या, यात हयगय नको. कारण ज्याला वजावट हवी आहे त्याचं नाव संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यावर १०बीडी नावाच्या विवरणात भरावं लागतं, ३१ मेपर्यंत, आणि त्यातून देणाऱ्याला वजावटीसाठी लागणारं १०बीई सर्टिफिकेट निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी, म्हणजे एका देणगीदाराचा अख्खा महिना एका दिवसात गेला. यूपीआयमधून तुम्हाला फक्त यूपीआय आयडी कळतो, त्यावरून माणूस शोधत बसायची पाळी मे महिन्यात येऊ नये, मे महिन्यात ठाण्यात तसंही बसवत नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवीन प्राप्तिकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे सीएला विचारूनच फॉर्म भरा.) बाकी रोखीने दोन हजारांच्या वर दिलं तर ८०जीचा फायदा मिळत नाही, हे अजून लोकांना सांगावं लागतं.

पावती पूर्ण रकमेची द्यायची. हे लिहायची वेळ यावी हेच नवल, पण बघितलंय मी. गेटवे समजा दोन टक्के घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोनशेचे खात्यात येतात १९५ रुपये २८ पैसे, आणि तेही पन्नास जणांचे एकत्र एका आकड्यात. देणाऱ्याने दिले दोनशे, पावती दोनशेची, आणि ४ रुपये ७२ पैसे आपल्या खर्चात. सेटलमेंटचा रिपोर्ट, म्हणजे गेटवेने कुणाचे किती जमा केले त्याची यादी, दर आठवड्याला उतरवून एक्सेलमध्ये जुळवायचा. पाचशे माणसांपर्यंत एक्सेल पुरतं, महागडं सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवा.

अमेरिकेतल्या भाच्याचा प्रश्न प्रत्येक संस्थेत येतो. "अगं तो डॉलरमध्ये देईल की!" थांबा. भाच्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर चालतं. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असो, इथल्या खात्यातून रुपयात देवो, ती परदेशी देणगीच. अशी देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) लागते, ती साधारण तीन वर्षं जुन्या आणि त्या काळात पंधरा लाख तरी कामावर खर्च केलेल्या संस्थेलाच मिळते, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. आमच्याएवढ्या संस्थेने या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाच्याला सांगा की इकडे आलास की आईच्या हातची पुरणपोळी खा, देणगी आईला देऊ दे.

पैसे कापले गेले नाहीत की काय करायचं? पहिल्या महिन्यात काहीच नाही, परत प्रयत्न होतो आणि बरेचदा होऊन जातं. सलग दुसऱ्या महिन्यात अडकलं तर फोन. मेसेज नको, फोनच, आणि त्यात "पेमेंट फेल" हा शब्द काढायचा नाही. हे काम आता काकाच करतात. "नमस्कार, अभ्यासिकेतून बोलतोय, बरेच दिवसांत बोलणं नाही म्हणून केला." अर्ध्या वेळा समोरच्याने बँक बदललेली असते आणि त्याच्या लक्षातच नसतं. कधी नोकरी गेलेली असते. तेव्हा काका म्हणतात मग सहा महिने थांबवू या, तुम्ही फक्त पोरांना गणित शिकवायला या. त्यातले काही खरंच येतात.

आणि थांबवणं सोपं ठेवायचं. बंद कसं करायचं ते आम्ही पहिल्याच मेसेजमध्ये लिहितो, कुठल्या ॲपमध्ये कुठे जाऊन काय दाबायचं ते सगळं. एका विश्वस्तांना वाटलं याने लोक पळतील. उलट जिथून बाहेर पडता येतं तिथे माणूस निर्धास्त आत येतो.

कळवायचं काय, तर तीन महिन्यातून एकदा एक मेसेज. किती आले, कुठे गेले, आणि महावितरणच्या बिलाचा फोटो. पोरांचे फोटो नाहीत. लाईट बिलाच्या फोटोवर जेवढे रिप्लाय येतात तेवढे वार्षिक अहवालावर आयुष्यात आले नव्हते, एका काकूंनी तर एसी नसताना एवढं बिल कसं म्हणून आम्हाला मीटर तपासायला लावला.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो मँडेटच्या मुदतीवर. ऑटोपे करताना शेवटची तारीख टाकता येते, आणि गेटवेवाले सांगतात तीस वर्षांची टाका, परत विचारायची कटकट नको. माझं म्हणणं तीन वर्षं, म्हणजे तीन वर्षांनी परत समोर जाऊन विचारायचं आणि काम दाखवायचं. काकांचं म्हणणं पाच, कारण तीन वर्षांनी पुन्हा अडीचशे फोन कोण करणार, तर काकाच. पुढच्या मीटिंगमध्ये ठरेल.