गडीपार

कन्नडमध्ये गडी म्हणजे सीमा, हद्द. मराठीत गडी म्हणजे खेळगडी, नाहीतर घरचा नोकर, नाहीतर 'काय गडी हाय राव' मधला गडी. महाराष्ट्रात माणूस तडीपार होतो, आमच्या बेळगावात गडीपार होतो, आणि लहानपणी मला वाटायचं गडीपार झाला म्हणजे गडी गेला, संपला विषय. नंतर आमच्यातलाच एक झाला तेव्हा अर्थ कळला.

त्याचं नाव सांगत नाही, आम्ही त्याला कॅप्टनच म्हणायचो. बॅट त्याची होती म्हणून कॅप्टन. वडील वडगावात दुसऱ्याच्या पॉवरलूमवर, हा दहावीला दोनदा बसला आणि मग उद्यमबागेत एका फौंड्रीत चिकटला, पण संध्याकाळी साडेसहाला कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी हजर म्हणजे हजर. आम्ही दहा-बारा जण. काय करालास रे विचारलं तर उत्तर एकच, काय नाही, बसलोय की. खरंच काही करत नव्हतो. एक चहा तिघांत, येणाऱ्या-जाणाऱ्यावर कमेंट, आणि पलीकडच्या गल्लीतल्या पोरांना शिव्या.

त्या काळात मी भाऊ पाध्यांची 'वासूनाका' वाचली. 1965 ची कादंबरी, मुंबईतल्या चाळीच्या नाक्यावर बसणाऱ्या पोरांची, पोक्या नावाचा पोरगा सांगतो ती. वाचनालयातनं बाबांच्या कार्डावर आणली होती आणि बाबांनी ती बघितल्यावर जे काय झालं ते विचारू नका. आमचं घर संयुक्त महाराष्ट्रवालं, अत्रे म्हणजे देव, आणि त्या देवानं ह्या पुस्तकाला अश्लील म्हणून पार धुऊन काढलेलं, त्यामुळे बाबांच्या लेखी विषय तिथंच संपला होता, स्वतः एक पान न वाचता! मी गच्चीवर बसून संपवली. मला धक्का अश्लीलपणाचा नाही बसला. धक्का बसला तो ह्याचा की पुस्तकातली पोरं आमच्यासारखीच बोलत होती, आणि त्यात गँग म्हणावी असं काहीच नव्हतं. खून नाही, सुपारी नाही. रिकामा वेळ आणि तो भरायला बोलणं, एवढंच.

लोकांना वाटतं गँग म्हणजे पिक्चरमधली, वर भाई, खाली शूटर. ह्या विषयावर मी नंतर थोडंफार वाचलं त्यात जरा वेगळंच निघालं. थ्रॅशर नावाच्या अभ्यासकानं 1927 साली शिकागोतल्या 1,313 टोळ्यांवर पुस्तक लिहिलं, आणि त्याचं म्हणणं असं की टोळी कुणी ठरवून काढत नाही, ती आधी खेळणाऱ्या पोरांचा घोळका असते, कुणाशीतरी भांडण लागतं आणि त्या भांडणानं ती घट्ट होते. हे वाचताना मी हसलो, कारण आमची पलीकडच्या गल्लीशी मारामारी व्हायच्या आधी आमच्या ग्रुपला नावसुद्धा नव्हतं. मारामारीच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर चुन्यानं नाव लिहिलं.

आणि व्हाइट म्हणून एक होता, तो बोस्टनच्या इटालियन वस्तीत जाऊन राहिला आणि कोपऱ्यावर उभं राहणाऱ्या पोरांवर 1943 मध्ये पुस्तक काढलं. त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. ती पोरं बोलिंग खेळायची, ते लाकडी पिना पाडायचे असतात ते, आणि कुणाचा स्कोर किती होणार हे बरंचसं ग्रुपमध्ये त्याची वट किती त्यावर ठरायचं. खालच्या नंबरचा पोरगा चांगला खेळायला लागला की बाकीचे टोमणे मारून मारून त्याचा हात बिघडवायचे. म्हणलं अरे हे तर आमचं टेनिस बॉल क्रिकेट! कॅप्टन कधी एलबीडब्ल्यू झालेला मी बघितला नाही. झालाच तर नो बॉल.

एक गोष्ट मात्र ह्या पुस्तकांत मला कमी वाटते. पोरी. 'वासूनाका'त पोरी भरपूर आहेत पण त्या नाक्यावरनं दिसतात तेवढ्याच. माझी मोठी बहीण क्लासला जाताना आमच्या कोपऱ्यावरनं जायची नाही, मागच्या बोळातनं वळसा घालून जायची, रोज दहा मिनिटं जास्त. मला हे तिच्या लग्नानंतर कळलं. मी म्हणलं अगं ताई मी असायचो की तिथं, तुला कोण बोलणार होतं. ती म्हणाली तू होतास म्हणूनच. पुढं काही बोलली नाही, चहा टाकायला आत गेली. आम्ही काही करत नव्हतो असं मी वर लिहिलंय ते तसंच ठेवतो, पण ते आमच्या बाजूनं लिहिलेलं आहे.

तर मेन मॅटर. 1997. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, बेळगावात ती वैशाखात निघते, रात्रभर चालते, आणि कुणाचा चित्ररथ कुणाच्या पुढं ह्यावरनं दोन मंडळांत वाजलं. त्या गर्दीत एकाचं डोकं फुटलं. कुणी मारलं हे मला आजही माहीत नाही, लाईट गेलेली. पोलिसांना मात्र माहीत होतं, कारण त्यांना नाव हवं होतं आणि भिंतीवर चुन्यानं लिहिलेल्या ग्रुपमधलं सगळ्यांना तोंडपाठ असलेलं नाव कॅप्टनचंच. तो तेव्हा सतरा वर्षांचा. इथं कायद्याची गंमत बघा, तेव्हा 1986 चा बाल न्याय कायदा चालू होता आणि त्यात पोरगी अठरापर्यंत अल्पवयीन पण पोरगा फक्त सोळापर्यंत. म्हणजे कॅप्टन मोठा माणूस! 2000 च्या कायद्यानं पोरांनाही अठरा केलं, 2015 च्या कायद्यानं गंभीर गुन्ह्यात सोळा ते अठराच्या पोरांना परत मोठ्यांच्या कोर्टात न्यायची वाट उघडली. चार वर्षं उशिरा राडा झाला असता तर हाच पोरगा कायद्यानं लहान ठरला असता. तो गेला हिंडलग्याला, म्हणजे बेळगावच्या जेलात, दीड महिना. आमच्या आया आम्हाला 'हिंडलग्याला जाशील' म्हणून घाबरवायच्या, हा जाऊन आला.

आल्यावर काही वर्षांत त्याची रावडी शीट उघडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कर्नाटकात पोलीस ठाण्यात गुंड म्हणून नोंदलेल्यांची अशी शीट असते, एकदा नाव चढलं की गणपती आला बोलवा, इलेक्शन आलं बोलवा, एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, आला बोलवा, रांगेत उभं करा, मुचळिका, म्हणजे नीट वागायची हमी, लिहून घ्या, फोटो काढा. फौंड्रीतली नोकरी ह्या बोलावण्यांतच गेली. नोकरी गेल्यावर तो ज्यांच्याबरोबर रांगेत उभा राहायचा त्यांच्यातच बसायला लागला, दुसरं कोण होतं? आम्ही तोपर्यंत पुण्याला, गोव्याला, कुणी बँकेत. खरं सांगायचं तर मी गावी आलो की त्या कोपऱ्यावरनं जायचं टाळायचो. मागच्या बोळातनं जायचो.

2004 च्या इलेक्शनला त्याला सहा महिने गडीपार केलं. तो गेला महाराष्ट्रातल्या चंदगडला मामाकडं, काजूच्या कारखान्यात लागला. त्यावर आमच्या एका मित्राचा डायलॉग अजून चालतो, की 1956 पासनं सगळं बेळगाव महाराष्ट्रात जायचं म्हणून भांडालंय आणि ह्या एकट्याला कर्नाटक सरकारनं स्वतः पाठवलं!

'अ क्लॉकवर्क ऑरेंज' नावाची इंग्लिश कादंबरी आहे, 1962 ची, गुंड पोरांचीच. इंग्लंडमध्ये ती एकवीस प्रकरणांची छापली, अमेरिकेतल्या प्रकाशकानं शेवटचं प्रकरण काढून टाकलं, ते तिथं 1986 ला परत आलं. त्या प्रकरणात फार काही घडत नाही. पोरगा वयानं वाढतो, मारामारीचा कंटाळा येतो, लग्न करावं, पोर व्हावं असं वाटायला लागतं. बस. अमेरिकेतल्या वाचकांना ते गुळमुळीत वाटेल असं प्रकाशकाला वाटलं असावं. मला तेच सगळ्यात खरं वाटतं, कारण आमच्या बारातल्या अकरांचं अगदी तेच झालं. कुणी सुधारलं नाही आम्हाला, आम्ही कंटाळलो. कंटाळायला कॅप्टनपण कंटाळला होता, लग्न झालं, पोरगा झाला, पण शीट कंटाळत नाही.

मागच्या मे महिन्यात सगळे जमलो होतो, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी सहाला, पोटं सुटलेली, गुडघे गेलेले. कॅप्टन त्याच्या पोराला घेऊन आला. पोरगा सोळाचा, उंच, नजर मोबाईलमध्ये. बॅट आता माझी होती, नवीन आणलेली, पण टॉस-बिस काही न करता मी ती कॅप्टनच्या हातात दिली. पहिल्याच बॉलला पायावर बसला, समोर, अगदी स्टंपाच्या रेषेत. पोरगा मोबाईलमधनं मान वर करून म्हणाला, पप्पा आउट की ओ. अंपायर आमच्यातलाच होता. त्यानं हात आडवा केला, नो बॉल.