कोबा घोटायचा कधी आणि पुसायचा कशाने

आमच्या वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात घरकुल मंजूर झालं, भिंती उभ्या राहिल्या, वरती स्लॅब किंवा टिनं पडले की हाती उरलेल्या पैशात टाइल्स काही बसत नाहीत, मग कोबाच, म्हणजे सिमेंट-रेती-गिट्टीची घोटलेली जमीन. मिस्त्री म्हणते, "एका दिवसात मारून देतो भाऊ." आणि एका दिवसात होतेही. पण पुढचे किती वर्ष घरची बाई त्या एका दिवसाची घाई फड्यानं झाडत राहते, ते त्या मिस्त्रीला कधी दिसत नाही.

आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी दोनदा झाडतात, पोछा मारतात, तरी दुपारपर्यंत पोट्ट्यांचे पाय पांढरे. "कितीही झाडा बाप्पा, निघतेच," म्हणतात. घरात सगळे समजतात की सफाई नीट होत नाही. मला हे ऐकून खरंच वाईट वाटते, कारण ती धूळ बाहेरून येत नाही, ती कोब्याचीच आहे, वरचा थर कच्चा राहिला म्हणून रोज थोडा थोडा सुटून येतो. जितकं घासाल तितकं निघेल.

हे का होते ते सांगतो, कारण नवीन घर बांधणाऱ्याला याचाच उपयोग आहे.

कोब्याचा माल टाकला, रंध्यानं सपाट केला की थोड्या वेळात वर पाणी तरंगते, पृष्ठभाग चमकते. हे पाणी आतून वर येणारं पाणी असते. त्याच वेळी मिस्त्रीला घोटायची घाई असते, कारण दुसऱ्या साईटवर जायचं असते, मग तो काय करते, घमेल्यातून कोरडं सिमेंट भुरभुरते, ते पाणी शोषून घेते आणि लगेच थापी फिरवून आरशासारखं करून टाकते. दिसते एक नंबर. पण वरची ती पापडी खालच्या कोब्याशी नीट जुळत नाही, तिच्यात पाणी जास्त आणि ताकद कमी, वर्षभरात केसासारख्या चिरा आणि धूळ. थांबायचं असते ते पाणी आपोआप जाईपर्यंत. चमक गेली, पृष्ठभाग फिका दिसायला लागला, त्यावर पाय ठेवला तर पाव इंचाएवढाच ठसा उमटला, पाय रुतला नाही, की मग लाकडी गुरमाळा फिरवायचा आणि अजून थोडं आवळल्यावर लोखंडी थापीनं घोटायचं. थंडीत याला बराच वेळ लागते, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पटकन होते, म्हणून उन्हाळ्यात कोबा टाकायचाच असेल तर संध्याकाळी टाका, खिडक्या-दारांना पोते लावून गरम वारा अडवा.

माल कालवतानाही तेच. एक, दोन, चार, म्हणजे सिमेंट, रेती, बारीक गिट्टी. पंचवीस चौरस मीटरच्या घरकुलाला दीड इंच कोबा म्हटलं तर सिमेंटचे सहा-सात पोते लागतात, म्हणजे सिमेंटमध्ये कंजूषी करून फार काही वाचत नाही. खरा घोटाळा पाण्यात होते. पन्नास किलोच्या एका पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरते, पण माल पातळ असला की हात सोपा चालते म्हणून बादलीवर बादली ओतल्या जाते. रेती मातकट असेल तर अजूनच वाट लागते, काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी हलवून ठेवा, थोड्या वेळानं वर मातीचा जाड थर बसला तर ती रेती परत पाठवा.

खालचं काम तर त्याहून महत्त्वाचं, आपली जमीन काळी कसदार, पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर सरळ कोबा टाकला तर तो फुटणारच. काळी माती काढून मुरूम थराथरानं भरा, पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून दाबा. आणि कोबा एकसंध टाकू नका, चार-चार फुटाचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या टाका, म्हणजे ताण पट्टीवर निघते.

आता तराई, म्हणजे टाकलेला कोबा ओला ठेवणं. गावात स्लॅबवर लोक आळे करून पाणी भरतात, पण कोब्याकडे दुसऱ्या दिवशी कोणी पाहत नाही, कारण त्यावर चालता येते ना. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी जुळून कडक होते, पाणी उडालं की ते काम तिथंच थांबते. किमान सात दिवस, आणि आजकाल पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंटच जास्त मिळते, त्याला दहा दिवस, ओला ठेवाच. ओले पोते अंथरा किंवा प्लास्टिक पसरा. कुटार (पिकाचा भुसा) मात्र टाकू नका, ओल्या कुटाराचा डाग कोब्यात उतरते.

न्हाणीत आणि आंगणात गुळगुळीत नकोच, म्हातारी माणसं घसरतात. ओल्या कोब्यावर फडा हलक्या हातानं एकाच दिशेनं ओढला की रेघा पडतात, पाय धरून राहते.

झालेल्या कोब्याची सफाई. सगळ्यात आधी ती ॲसिडची बाटली घरात आणणं बंद करा. कोब्यावर ओतली की फसफस होते, लोकांना वाटते मळ निघून राहिला, पण फसफसते ते सिमेंट आहे! दर दिवाळीला ॲसिड मारलेल्या घरात गिट्टी उघडी पडलेली दिसते. लिंबू, चिंच, व्हिनेगर याचंही तेच, सांडलं तर लगेच पुसा. आणि ॲसिड नि ब्लीचिंग कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघते, छोट्या न्हाणीत जिवावर बेतू शकते.

रोजच्याला कोरडं झाडणं आणि साध्या पाण्याचा पोछा पुरते. तेल सांडलं तर आधी कोरड्या राखेनं किंवा चुन्याच्या भुकटीनं शोषून घ्या, मग धुण्याचा सोडा. हळद सांडली तर साबण लावू नका, लाल होते आणि लोक घाबरून अजून घासतात. कापडानं टिपून घ्या, तिथं ऊन येत असेल तर हळदीचा रंग उन्हानं फिका पडते. पांढरा लोणा (क्षार) फुटला तर कोरड्या ब्रशनं झाडून बाहेर टाका, पाण्यानं धुतला की विरघळून परत आत जाते. तो लोणा खालून ओल येते याची खूण आहे, सोयाबीनचे पोते तिथं फळ्यांवर ठेवा आणि कापूस भरायचा असेल तर आधी ताडपत्री अंथरा.

धूळ उठणारा जुना कोबा फोडायची घाई करू नका. सोडियम सिलिकेटचं पाणी मिळते, दुकानात फ्लोअर हार्डनर म्हणून मागा. कोबा धुऊन पूर्ण वाळवा, कॅनवर लिहिल्याप्रमाणे पाणी घालून दोन-तीन हात द्या, दोन हातांच्या मध्ये वाळू द्या, वर राहिलेलं धुऊन टाका नाही तर पांढरे डाग राहतात. ते कोब्यातल्या चुन्याशी जुळून भोकं भरते. कोबा अगदीच भुसभुशीत असेल तर काही होणार नाही, पण काकूंसारख्या कोब्याला फरक पडते.

दुसरा उपाय जवसाचा. रंगाच्या दुकानात बॉइल्ड लिनसीड ऑइल मिळते, त्यात तेवढंच टर्पेंटाइन मिसळून महिनाभर वाळलेल्या कोब्यावर पातळ हात द्यायचा आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. हार्डनर द्यायचं असेल तर ते आधी, तेलाच्या वर ते मुरत नाही. घाण्याचं खायचं तेल वापरू नका, ते लवकर वाळत नाही, चिकट राहते. रंग थोडा गडद होते, पाणी आणि डाग लवकर मुरत नाहीत. दारं-खिडक्या उघड्या, चूल बंद. आणि तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेट घेतात, घरात कापूस असेल तर विचार करा. पाण्यात बुडवा किंवा बाहेर तारेवर सुट्या पसरा.

आणि मिस्त्री घोटायला बसेल तेव्हा घरच्या बाईला तिथं उभं राहू द्या, तिनं "थांबा, पाणी अजून वर आहे" म्हटलं तर ऐका. रोजी अर्ध्या दिवसाची जास्त द्यावी लागली तर द्या.