कमानीवरचे कोठार

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाणारा सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता काळ्या, सपाट रानातून जातो. या वाटेवरील एका लहान गावाने आपल्या स्वागतकमानीवर पुढाऱ्यांच्या छायाचित्रांऐवजी तालुक्यातील संतांच्या कथा रंगवून घेतल्या आहेत, हे पाहूनच मी गाडी थांबवली.

कमानीचा मध्यभाग दामाजीपंतांचा आहे. बिदरच्या बहामनी सुलतानाच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजींनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली, तक्रार बिदरला पोहोचताच त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला, आणि ते वाटेत असतानाच विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली, अशी ही कथा. भरण्याची पावती पुढे दामाजींच्या पोथीत सापडते. मला हाच तपशील सर्वांत अस्सल वाटतो, कारण सुलतानी दफ्तरात प्रत्यक्ष देवाचीही पावतीवाचून सुटका नव्हती.

चित्रातले कोठार मात्र कौलारू आहे. या भागात ज्वारी पूर्वी जमिनीखालच्या पेवांत साठवीत. पण जमिनीखालचे कमानीवर दाखवायचे तरी कसे? कोठाराच्या दोन्ही अंगांना ज्वारीची कणसे आहेत, ती योग्यच. पावसाळ्याची ओल धरून ठेवणाऱ्या इथल्या खोल काळ्या मातीत रब्बीची मालदांडी जातीची ज्वारी पाटपाण्यावाचून येते, आणि २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. कोठाराची कथा मंगळवेढ्यातच रुजावी, यामागे ही माती आहे असे मला वाटते.

उजव्या खांबावर कान्होपात्रा आहे; बिदरचे बोलावणे नाकारून तिने पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला, असे सांगतात. डाव्या खांबाच्या तळाशी चोखामेळा आहेत, आणि ही जागा मला खटकली. ज्यांना आयुष्यभर गावकुसाबाहेर राहावे लागले, ते १३३८ मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर असताना तेच कोसळून दगावले. नामदेवांनी ढिगाऱ्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटणाऱ्या अस्थी ओळखून पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, ही आख्यायिका. इतका मोठा प्रसंग वाहनांचा चिखल उडेल अशा उंचीवर रंगवायला नको होता.

संतांच्याही आधीचे, कलचुरींच्या राजधानीचे मंगळवेढे या कमानीवर कुठेच नाही. बसवेश्वर कल्याणला (आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणला) जाण्यापूर्वी मंगळवेढ्यातच कलचुरी राजा बिज्जलाच्या पदरी कारकुनी करीत होते, अशी परंपरा आहे. कमानीची मागची बाजू अद्याप कोरी आहे. गावाने तेथे त्यांना जागा द्यावी.