अक्सराय : इहलारा दरी पूर्ण चालायची असेल तर

पुण्याहून तुर्कस्तानला जाणाऱ्या बहुतेक गटांच्या कार्यक्रमात इहलारा दरी असते, पण ‘ग्रीन टूर’ नावाच्या एका दिवसाच्या फेरीत. बस कप्पाडोशिया भागातल्या गोरेमे गावातून निघते, दरीत तीन-चार किलोमीटर चालवते, नदीकाठी जेवू घालते आणि परत आणते. दर रविवारी सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी एवढ्यावर समाधान मानू नये. नेवशेहिरपासून साधारण 75 किलोमीटरवरच्या अक्सराय शहरात दोन रात्री मुक्काम करा. हा प्रांत तेवढा वेळ द्यावा असाच आहे.

दरी सुमारे 14 किलोमीटर लांब आणि शंभर मीटरहून खोल आहे. तळातून मेलेंदिझ नदी वाहते. सगळे पर्यटक मधल्या मुख्य दारातून जवळपास 400 पायऱ्या उतरतात. तुम्ही दक्षिणेकडच्या इहलारा गावातून आत शिरा आणि नदीच्या प्रवाहाबरोबर दुसऱ्या टोकाच्या सेलिमे गावापर्यंत चाला. पायऱ्याही टळतात, चढही. दरीच्या खडकात कोरलेली चर्च बघत गेलं तर पाच-सहा तास लागतात. घोळ होतो तो परतीचा, कारण या भागात मिनीबस (तिथे तिला डोल्मुश म्हणतात) दिवसातून मोजक्याच असतात. गाडी भाड्याने घेतली असेल तर सकाळीच ती सेलिमेला लावून टॅक्सीने इहलारा गाठा, म्हणजे संध्याकाळी दमल्यावर कुणाची वाट बघावी लागत नाही. तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवा.

मुख्य पायऱ्यांच्या पायथ्याशी आगाचआल्ती चर्च आहे आणि पूल ओलांडला की यिलानली, म्हणजे सापांचं चर्च. तिथल्या भिंतीवर चार पापी स्त्रियांना साप डसताना दाखवलेत. पण वेळ राखून ठेवायचा तो बेलिसिर्मा गावाजवळच्या किर्कदामआल्ती चर्चसाठी. ते खडकात उंचावर आहे, दम लागतो, म्हणून बरेच जण खालूनच पुढे जातात. आत संत जॉर्जच्या एका बाजूला तामार नावाची स्त्री चर्चची छोटी प्रतिकृती अर्पण करताना दिसते आणि दुसऱ्या बाजूला बासिल हा अधिकारी, डोक्याला फेटा आणि अंगात काफ्तान, म्हणजे लांब झगा. भिंतीवर रंगवलेल्या लेखात बायझंटाइन सम्राट अँड्रोनिकस आणि सेल्जुक सुलतान मसूद या दोघांचीही नावं आहेत, त्यावरून हे काम 1283 ते 1295 मधलं ठरतं. मुसलमान सुलतानाच्या राज्यात ख्रिस्ती जोडपं चर्च सजवतं आणि त्यात सुलतानाचं नाव आदराने लिहितं, हे त्या भिंतीसमोर उभं राहून बघण्यासारखं आहे.

कार्ला-भाजे बघितलेल्यांना इथल्या चित्रांची आणि भिंतींची पडझड खटकेल. कारण दगडात आहे. आपला बेसाल्ट कोरायला कठीण, पण एकदा कोरला की दोन हजार वर्षं टिकतो. इथला टफ म्हणजे ज्वालामुखीची दाबून घट्ट झालेली राख. साध्या अवजाराने कोरता येतो, पण सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून गिलाव्याला बोटही लावू नका आणि फ्लॅश वापरू नका.

बेलिसिर्माला नदीकाठी जेवण मिळतं. शाकाहारी लोकांनी चीज किंवा बटाट्याचं गोझलेमे, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी, मागावं. मसुरीच्या सूपमध्ये कधी मटणाचं पाणी असतं, म्हणून ‘एतसिझ’, म्हणजे बिनमांसाचं, असं सांगून खात्री करून घ्या. पुढे दरी रुंदावते, सावली कमी होते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्रास होत नाही, जुलैत मात्र हा टप्पा भाजून काढतो. सेलिमेचा मठ शेवटी येतो. तिथे खांबांचं मोठं चर्च आणि धुराने काळवंडलेलं स्वयंपाकघर आहे. भुसभुशीत टफवर पाय सटकतात, ट्रेकिंगचे बूट घातले असतील तर बरं.

दुसऱ्या दिवशी कोन्याच्या रस्त्यावर सुमारे 40 किलोमीटरवरचं सुलतानहानी बघा. अलाउद्दीन कैकुबाद पहिला याने 1229 मध्ये बांधलेली ही सराई आगीनंतर 1278 मध्ये दुरुस्त झाली. संगमरवरी दार 13 मीटर उंच आहे. उन्हाळ्यासाठी मोकळं अंगण, हिवाळ्यासाठी मागचं बंदिस्त दालन आणि अंगणाच्या मधोमध चार कमानींवर उचललेली छोटी मशीद. मशीद अशी वर का घेतली असेल, ते खाली बांधलेल्या जनावरांची कल्पना केली की कळतं.

परतीला अंकाराकडे जाणार असाल तर वाटेत तुझ गोलू हे मिठाचं सरोवर लागतं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी आटून पांढरा थर उरतो. त्याच्या कडा पायाला कापतात, म्हणून रबरी चपला आणि पाय धुवायला दोन लिटर साधं पाणी गाडीत ठेवा. चामड्याचे बूट घालून मात्र त्यात उतरू नका, मिठाने ते कायमचे खराब होतात.