आजीची नथ डावीकडेच

३२ पानी चित्रपुस्तकाचं काम होतं. नऊवारीतली आजी आणि तिची सहा वर्षांची नात, जवळपास प्रत्येक पानावर याच दोघी. गोष्ट हाती आली की पहिलं पान रंगवायला हात शिवशिवतात, पण आधी दोघींची मॉडेल शीट, म्हणजे पात्र प्रत्येक पानावर सारखंच दिसावं म्हणून सगळ्या बाजूंनी काढून ठेवलेला नमुना, करायला बसले.

आडव्या कागदावर डोकं, हनुवटी, कंबर, गुडघा, टाच अशा समांतर रेघा मारल्या आणि त्यांवर आजी समोरून, पाऊण चेहऱ्यात, बाजूने आणि पाठमोरी काढली. मोठं माणूस साधारण साडेसात डोकी, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या साडेसातपट, उंच असतं. मला गोलमटोल आजी हवी होती, म्हणून तिला पाचच डोकी दिली, नातीला साडेतीन. नातीचं डोकं आजीच्या कोपराच्या जरा वर येतं, हेही शीटवर लिहून टाकलं.

सगळ्यात वेळ खाल्ला पाठमोऱ्या आजीने. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन चौकड्यांचा कोट आणि धोतर एवढ्यावर पाठमोराही ओळखू येतो, तसं काहीतरी हवं होतं. कासोटा मागे नेमका कसा खोचतात, काठ पोटरीवर कुठे येतो, हे बघायला शेवटी आईला नऊवारी नेसायला लावून सगळ्या बाजूंनी फोटो काढले. ती वैतागली, पण अंबाडा जरा खाली घे म्हणून सुचवलंही तिनेच.

चेहऱ्यापेक्षा डावं-उजवं सांभाळणं जास्त किचकट. नथ डाव्या नाकपुडीत, पदर डाव्या खांद्यावर, नातीचा भांग उजवीकडे. टॅबलेटवर एक बोट लावलं की चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटतं, आणि घाईत तेवढ्यावर भागवावंसं वाटतं. मग नथ उजवीकडे जाते! चित्रात आजीचं तोंड उजवीकडे असेल तर आपल्याला तिचा उजवा गाल दिसतो, नथ नाकाआडून जेमतेम डोकावते. ती बाजू शीटवर वेगळी काढली.

हावभावांचे पाच-सहा चेहरे आणि रंगांच्या पट्ट्या पटकन झाल्या. पानं करताना मात्र शीट गिरवायची नाही. गिरवलं की आजी खांबासारखी ताठ होते. आधी मोकळेपणाने हालचाल काढायची, मग शीट शेजारी ठेवून मापं दुरुस्त करायची.

काम अर्ध्यावर आल्यावर संपादकांनी पावसाच्या प्रसंगात आजीला रेनकोट द्यायला सांगितलं. पुन्हा पाठमोरी आजी! रेनकोटाखालून नऊवारी किती दिसावी यावर फोनवर बरीच चर्चा झाली. शेवटी चार बोटांवर तडजोड झाली आणि तेही शीटवर चढलं.